संशोधक-विद्यार्थी भीमराव आंबेडकर : पदवीच्या अटी आणि प्रबंधांचा प्रवास

पीएच.डी.साठी नाव नोंदवू इच्छिणारा विद्यार्थी विभागात येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा अटींविषयी असतो. प्रवेशपरीक्षा कधी, मार्गदर्शक कोण, मुदत किती, शोधनिबंध छापावे लागतात की नाही, हे त्याला आधी जाणून घ्यायचे असते. हे प्रश्न गैर नाहीत. नियम ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान होते, हे अध्यापनाच्या अनुभवाने आपण सारेच जाणतो. मात्र नियमांची पूर्तता म्हणजेच संशोधन, असा समज रूढ होऊ लागला की पदवीची अट आणि संशोधनाची अट यांतला भेद पुसला जातो. हा भेद स्पष्ट करण्यासाठी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल. त्यांच्या राजकीय आणि धार्मिक कार्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. चां. भ. खैरमोडे आणि धनंजय कीर यांच्या चरित्रांनी त्यांच्या शिक्षणाची हकिकतही घरोघर पोहोचविली. तथापि, संशोधन-पदवीच्या अटींशी झगडणारा विद्यार्थी या दृष्टीने त्यांच्या १९१३ ते १९२७ या कालखंडाचा विचार स्वतंत्रपणे फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

१. पूर्वतयारी : मिळालेली भाषा आणि नाकारलेली भाषा

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि मुलांच्या शिक्षणाविषयी अत्यंत दक्ष होते. सातारा आणि पुढे मुंबई येथे शालेय शिक्षण घेऊन भीमराव १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी अपूर्व घटना होती. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. झाले.

या पूर्वतयारीतील एक बाब संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण जातीमुळे ती भाषा त्यांना नाकारली गेली आणि फारशी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने हस्तगत केली. संशोधकाला मूळ साधनांची भाषा आली पाहिजे, ही आपण आज संशोधनाची प्राथमिक अट मानतो. ज्या समाजव्यवस्थेने पुढे अभ्यासावयाच्या ग्रंथांची भाषाच विद्यार्थ्यापासून दूर ठेवली, त्या व्यवस्थेत ही अट सर्वांना समान नव्हती. अटींचा विचार करताना ती पूर्ण करण्याची संधी कोणाला होती, हा प्रश्नही विचारावा लागतो, तो यामुळेच.

२. कोलंबिया : अभ्यासक्रमाची व्याप्ती

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला. विद्यापीठाच्या अटी सुरू होण्यापूर्वीच अशी एक अट त्यांच्या शिक्षणाला जोडली गेली होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. तेथील नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ आणि राजकारणशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही प्रत्येकी एक अभ्यासक्रम त्यात आहे. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला या दोन भाषांतील ग्रंथ वाचता यावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. मायदेशी ज्याला संस्कृत नाकारली गेली, त्याला परदेशी विद्यापीठ आणखी दोन भाषा शिकण्यास सांगत होते. हा विरोध पुरेसा बोलका आहे.

सार्वजनिक अर्थव्यवहाराचे तज्ज्ञ एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि मानवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचे अध्यापन त्यांना येथे लाभले. १९१५ साली ते एम.ए. झाले. त्यासाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा विषय घेतला होता. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवरील निबंध वाचला आणि तो मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला.

मराठी अभ्यासकांनी या निबंधाकडे एका विशेष कारणासाठी पाहावे. जातीच्या व्याख्यांचा परामर्श घेताना आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले यांच्या जोडीने श्रीधर व्यंकटेश केतकर यांचाही विचार केला आहे. ज्ञानकोशकार म्हणून पुढे ख्यातकीर्त झालेल्या केतकरांचे जातिसंस्थेच्या इतिहासावरील पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले होते आणि १९११ साली कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली होती. इतर व्याख्याकारांच्या तुलनेत केतकर विषयाच्या अधिक जवळ पोहोचले आहेत, हे आंबेडकर मान्य करतात. मात्र आंतरविवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व ही जातीची दोन वेगळी लक्षणे केतकरांनी मानली, ती मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवून देतात. पूर्वसूरींचा आढावा कसा घ्यावा, याचा हा वस्तुपाठ आहे. आपल्याकडील अनेक प्रबंधांतील पूर्वाभ्यासाचे प्रकरण नावांची यादी होऊन बसते. येथे प्रत्येक पूर्वसूरी निबंधाच्या युक्तिवादात एक पायरी म्हणून येतो. आदर राखून मतभेद व्यक्त करणे ही संशोधनाची एक अलिखित अट असून पंचविशीतील या विद्यार्थ्याने ती पूर्ण केली होती.

३. मुद्रणाची अट आणि दहा वर्षांचे अंतर

१९१६ साली त्यांनी भारताच्या राष्ट्रीय लाभांशाचा ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक अभ्यास हा प्रबंध लिहिला. चरित्रकारांनी सांगितल्याप्रमाणे १९१७ साली कोलंबियाने तो स्वीकारला. तथापि पदवी हाती आली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दाखल केल्यावाचून पदवी प्रदान करावयाची नाही, असा तेथील नियम होता. या नियमामागील भूमिका समजण्याजोगी आहे. संशोधन परीक्षकांपुरते न राहता विद्वज्जगताच्या तपासणीस खुले व्हावे, हा त्याचा हेतू होता. परंतु छपाईचा खर्च विद्यार्थ्याने सोसावयाचा होता आणि शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या आंबेडकरांना तो परवडणारा नव्हता.

प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग आणि कंपनीने प्रसिद्ध केला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. छापील प्रती दाखल झाल्यानंतर जून १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. विद्यापीठात पाऊल ठेवल्यापासून पदवी मिळेपर्यंत चौदा वर्षे लोटली होती.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. १९१६ चा प्रबंध आणि १९२५ चा ग्रंथ एकच आहेत काय? पहिल्याचाच विस्तार होऊन दुसरा तयार झाला, ही चरित्रांतून आलेली रूढ समजूत आहे. परंतु राष्ट्रीय लाभांश आणि प्रांतिक अर्थव्यवहार हे दोन विषय एकमेकांपासून बरेच दूर आहेत. हे दोन स्वतंत्र प्रबंध असावेत, असे मत अलीकडील अभ्यासकांनी मांडले आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात १९१५ चा कंपनीविषयक निबंध, १९२५ चा ग्रंथ आणि रुपयाविषयीचा ग्रंथ आहे. राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंध मात्र त्यात नाही. इतक्या परिचित चरित्रातही असा मूलभूत प्रश्न शिल्लक असावा, ही गोष्ट नव्या संशोधकाला उमेद देणारी आहे. विषय संपले, ही तक्रार बहुधा आपण साधने पुन्हा न तपासल्यामुळे निर्माण होते.

४. लंडन : खंडित अभ्यास

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये आंबेडकर लंडनला आले. त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी मात्र लंडन विद्यापीठाने दिली. महायुद्ध चालू होते. स्वतंत्र बोटीने पाठविलेले त्यांचे सामान आणि पुस्तके ती बोट बुडाल्याने समुद्रात गेली. ग्रंथ हेच ज्याचे धन, त्याची ही हानी पैशांत मोजता येण्यासारखी नव्हती.

करारानुसार ते बडोद्यास गेले. संस्थानच्या लष्करी खात्यात नेमणूक झाली, पण कचेरीत विटाळाची वागणूक मिळाली आणि शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी खाणावळीत आश्रय घेतला असता जात उघड झाल्यावर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कोलंबियात साठ अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्वानाला डोक्यावर छप्पर मिळू नये, या अनुभवाने पदवीची सामाजिक मर्यादा उघडी पाडली. विद्या माणसाला पात्र करते. ती पात्रता मान्य करायची की नाही, हे मात्र समाजच ठरवीत असतो.

नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. लंडनला परतण्यासाठी ते पगारातून पैसे साठवीत होते आणि घरची ओढाताण रमाबाई सोशीत होत्या. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य त्यामागे होते. मराठी गद्याच्या अभ्यासकाला हा योग दुर्लक्षिता येणार नाही. इंग्रजीत चलनव्यवहारावर लिहू पाहणारा हा अभ्यासक त्याच वेळी मराठीत अग्रलेख लिहीत होता. मुद्दा मांडणे, पुरावा देणे, प्रतिपक्षाचा आक्षेप गृहीत धरून त्याचे उत्तर देणे ही त्यांच्या अग्रलेखांची रीत आहे. संशोधनाच्या शिस्तीशी तिचे नाते तपासून पाहण्यासारखे आहे.

१९२० च्या उत्तरार्धात, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन, ते लंडनला परतले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि इंडिया ऑफिसचे ग्रंथालय ही त्यांची खरी वसतिस्थाने झाली. खाण्यापिण्यात काटकसर करून वाचनाचे तास वाढविण्याच्या त्यांच्या हकिकती प्रसिद्ध आहेत. १९२१ साली साम्राज्याच्या अर्थव्यवहाराचे प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर त्यांना एम.एस्सी. मिळाली आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. याच सुमारास जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते, पण तेथील अध्ययन पुढे जाऊ शकले नाही.

५. नाकारलेला प्रबंध आणि त्याची दंतकथा

रुपयाचा प्रश्न हा डी.एस्सी.चा प्रबंध लंडन विद्यापीठाने १९२३ च्या मार्चमध्ये स्वीकारला नाही. त्यात साम्राज्यशाहीवर इतकी कठोर टीका होती की परीक्षक बिथरले, अशी हकिकत मराठी वाचकांना चांगली परिचित आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने जतन केलेल्या त्यांच्या विद्यार्थी-कागदपत्रांत मात्र असे कारण नोंदलेले आढळत नाही. प्रबंध मार्चमध्ये मान्य झाला नाही, ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये स्वीकारला गेला, एवढे त्यांवरून निश्चित होते.

मग परंपरेतली हकिकत खोटी मानावी काय? कागदपत्रांत कारण न आढळणे म्हणजे ते कारण नव्हतेच, असे सिद्ध होत नाही. परीक्षकांचे मनोगत नेहमीच कागदावर उतरते असे नाही. पण चरित्रकाराने सांगितलेली गोष्ट प्रबंधात सिद्ध सत्य म्हणून मांडणेही योग्य नव्हे. संशोधकाने परंपरा आणि दस्तऐवज यांची नोंद वेगवेगळी केली पाहिजे. आपल्या श्रद्धेच्या विषयाबाबत हे पथ्य पाळणे सर्वांत कठीण असते आणि म्हणूनच तेथे त्याची सर्वांत अधिक गरज असते. ज्याने आयुष्यभर ग्रंथप्रामाण्याविरुद्ध पुरावा मागितला, त्याच्या चरित्राला तरी आपण हाच नियम लावला पाहिजे.

दंतकथा बाजूला ठेवली तरी या प्रसंगाचे मोल कमी होत नाही. नाकारलेला प्रबंध घेऊन ते १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस परतले. हाती पैसा नव्हता, वकिलीचा जम बसलेला नव्हता. तरीही त्यांनी प्रबंधावर पुन्हा काम करून तो मुदतीत लंडनला पाठविला. डिसेंबर १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदविले. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने सुवर्ण विनिमय परिमाणाचा १९१३ साली पुरस्कार केला होता. आंबेडकरांनी त्याविरुद्ध भूमिका घेतली. रुपयाच्या निर्मितीवर निश्चित मर्यादा हवी आणि त्याची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे, कारण भाववाढीचा भार गरिबांवर पडतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. मार्गदर्शकाचे आणि विद्यार्थ्याचे मत जुळले नाही, तरी पदवी मिळाली आणि गुरुशिष्यांतील आदरही टिकला. मार्गदर्शकाला रुचेल तेच लिहावे, असा संकेत जेथे निर्माण होतो, तेथे हे उदाहरण मुद्दाम सांगावयास हवे.

६. पदवीनंतरचा प्रबंध

पदवी मिळाल्यावर प्रबंध कपाटात जातो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. आंबेडकरांचे प्रबंध कामास लागले. १९२५ साली भारतीय चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. प्रांत आणि मध्यवर्ती सरकार यांच्यातील महसूलवाटप हा १९२५ च्या ग्रंथाचा विषय होता. १८३३ पासून १९२१ पर्यंतच्या व्यवस्थेचे टप्पे त्यांनी त्यात उलगडले होते. केंद्र आणि राज्ये यांच्या आर्थिक संबंधांचा हाच प्रश्न पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या संविधानसभेपुढे आला आणि वित्त आयोगाची तरतूद संविधानात झाली. ग्रंथातील विवेचन आणि ही तरतूद यांत थेट कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये. परंतु या प्रश्नाची शास्त्रीय तयारी असलेला माणूस त्या पदावर होता, एवढे निर्विवाद आहे.

१९२७ हे वर्ष या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी सहकाऱ्यांसह प्राशन केले, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि जूनमध्ये कोलंबियाची पदवी मिळाली. सार्वजनिक पाणवठा, मराठी पाक्षिक आणि परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. या तीन गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात चार महिन्यांत घडल्या. अभ्यास आणि सामाजिक कार्य यांतून एकाची निवड करावी लागते, ही समजूत या कालक्रमापुढे टिकत नाही.

पुढे १९५२ साली कोलंबियाने एलएल.डी. आणि १९५३ साली उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. या सन्मान्य पदव्या त्यांना दिल्या. त्या त्यांच्या कार्याच्या गौरवासाठी होत्या. पीएच.डी. आणि डी.एस्सी. मात्र त्यांनी नियमांची पूर्तता करून मिळविल्या होत्या. पदव्यांची यादी देताना हा फरक अनेकदा राहून जातो. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत मुंबई आणि औरंगाबाद येथे महाविद्यालये उभी करून, स्वतःला जी संधी इतक्या सायासाने मिळाली ती इतरांसाठी सुलभ करण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता. मराठवाडा विद्यापीठाला १९९४ साली दीर्घ संघर्षानंतर त्यांचे नाव जोडले गेले.

७. समारोप

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल मुदत सहा वर्षे आहे. सर्वसाधारणपणे ती आणखी दोन वर्षे वाढविता येते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही आधीची सक्ती या नियमांनी काढून टाकली. ही मोजपट्टी लावली असता आंबेडकरांचे कोलंबियातील नाव पदवी मिळण्यापूर्वीच रद्द झाले असते. उलट छपाईच्या सक्तीचा जाच मात्र त्यांना सोसावा लागला नसता. यातून नियम असू नयेत, असा निष्कर्ष निघत नाही. नियम करणाऱ्यांनी विद्यार्थ्याची परिस्थिती पाहावी, एवढे निश्चितच निघते. लंडन विद्यापीठाने चार वर्षांची सवलत दिली नसती, तर रुपयाचा प्रश्न हा प्रबंध म्हणून कदाचित लिहिलाच गेला नसता.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता, या चरित्रातून दोन प्रकारच्या अटी स्पष्ट होतात. मुदत, शुल्क, अभ्यासक्रम, भाषा, मुद्रण या पहिल्या प्रकारच्या अटी विद्यापीठ घालते आणि त्या काळानुसार बदलतात. दुसऱ्या प्रकारच्या अटी कोणत्याही परिपत्रकात नसतात. स्वतःचा प्रश्न असणे, मूळ साधनांपर्यंत जाणे, पूर्वसूरींशी आदराने वाद घालणे आणि नाकारलेले लेखन पुन्हा हाती घेण्याची तयारी ठेवणे, या त्या अटी होत. पहिल्या अटींची माहिती विद्यार्थ्याला कार्यालयातून मिळू शकते. दुसऱ्या अटींची जाणीव करून देणे हे आपल्यासारख्या अध्यापकांचे काम आहे आणि विद्यार्थी प्रवेशअर्ज घेऊन समोर बसलेला असतानाच त्या कामाला आरंभ केला पाहिजे.